लेकुरवाळी उमेदवार

महानगरपालिकेची निवडणूक लढवायला निघालेल्या बाईला अर्जासोबत आपली मुलं किती, हेही लिहून द्यावं लागतं. मालमत्ता, कर्ज, पोलिसांतले गुन्हे, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय असल्याचं प्रमाणपत्र अशा कागदांच्या चळतीत तीही एक माहिती असते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर निवडणूक लढवता येत नाही. मुलांची संख्या अशी कायद्याला नेमकी हवी असते. ते मूल सहा महिन्यांचं आहे की सोळा वर्षांचं, आई पदयात्रेत असताना त्याच्याजवळ कोण बसणार, निवडून आल्यावर सभा रात्रीपर्यंत लांबली तर त्याला कोण जेवू घालणार, हे मात्र कुठलाच कागद विचारत नाही.

सोलापुरात हा प्रश्न दोन-चार घरांपुरता नाही. इथल्या महापालिकेत १०२ नगरसेवक असतात. राज्याने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि २०१२ च्या निवडणुकीपासून सोलापूरच्या सभागृहात ५१ जागा महिलांच्या झाल्या. त्याआधी ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, एक तृतीयांश जागा मिळालेल्या होत्याच. महापौरपदाचं तर काय सांगावं! २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी आणि श्रीकांचना यन्नम अशा चार महिला एकीपाठोपाठ एक सोलापूरच्या महापौर झाल्या. पक्ष बदलले, काँग्रेसची सत्ता जाऊन भाजपची आली, पण त्या खुर्चीवर बाईच राहिली. महाराष्ट्रातल्या फार थोड्या मोठ्या शहरांना असं सांगता येईल.

एवढं होऊनही, मांडीवर मूल असलेल्या बाईने अर्ज भरायचं मनात आणलं की घरात पहिला प्रश्न तोच येतो : लेकराला कोण बघणार?

हा प्रश्न किती अवघड आहे ते कळायला निवडणुकीचं वेळापत्रक बघावं. गेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले आणि जवळजवळ चार वर्षं महापालिकेवर प्रशासक राहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या. कुठली जागा कुणासाठी राखीव, याची सोडत निघाली ११ नोव्हेंबरला. अर्ज भरण्याची मुदत २३ ते ३० डिसेंबर, छाननी ३१ ला, माघार २ जानेवारी २०२६ पर्यंत, चिन्हांचं वाटप ३ जानेवारीला. जाहीर प्रचार १३ जानेवारीला संध्याकाळी थांबला, १५ ला मतदान झालं आणि १६ ला मोजणी.

आपल्या प्रभागातली कुठली जागा महिलेसाठी सुटली आहे हे ११ नोव्हेंबरपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथून मतदानापर्यंत दोन महिने, आणि चिन्ह हातात आल्यापासून प्रचार थांबेपर्यंत जेमतेम दहा दिवस. ज्या घरात निवडणुकीची तयारी पुरुषाने केलेली होती आणि सोडतीत जागा महिलेची निघाली, त्या घरात उमेदवार एका संध्याकाळी ठरतो. बायको, वहिनी, सून, जी मतदारयादीत असेल आणि जिचे कागद पुरे असतील ती. तिच्या कडेवर मूल असलं तर तेही त्या निर्णयात ओढलं जातं, आणि त्याची व्यवस्था लावायला घराला उसंतच मिळत नाही.

आता या चार वर्षांच्या खोळंब्याचा हिशेब आईच्या बाजूने मांडून बघा. २०२२ च्या सुरुवातीला निवडणूक होणार असं धरून एखादीने दुसरं मूल लांबवलं असेल, तर तिने नेमकं किती लांबवायचं होतं? उलट जिचं बाळ तेव्हा पाळण्यात होतं आणि म्हणून जिने माघार घेतली, तिचं मूल २०२६ पर्यंत शाळेत जाऊ लागलं; पण तोवर जागेचं आरक्षण बदललं असेल तर तिची संधी गेली ती गेलीच. पुरुष कार्यकर्त्यांनाही या दिरंगाईचा फटका बसला. तरी पंचविशी ते पस्तिशीच्या बाईसाठी ही चार वर्षं वेगळी असतात. निवडणुका वेळेवर होणं ही लोकशाहीची गरज आहे असं आपण म्हणतो, ते बरोबरच आहे. पण तरुण बायांसाठी ती संसाराची घडी बसवण्याचीही गरज आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही.

कागदांचंही तसंच. राखीव प्रवर्गातून लढणाऱ्या बाईची जात धरली जाते ती माहेरची. तेव्हा पुरावेही माहेरचेच लागतात : वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांची नोंद. अनुसूचित जातींसाठी १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ आणि ओबीसींसाठी १९६७ पूर्वीपासून घराणं इथलं असल्याचा पुरावा लागतो. सोलापूर हे सीमेवरचं गाव. इथल्या किती तरी घरांत सुना विजयपूर, कलबुर्गी भागातून किंवा तेलंगणातून येतात. दुसऱ्या राज्यातलं जातप्रमाणपत्र महाराष्ट्रातल्या राखीव जागेला चालत नाही. आयुष्याची पंधरा वर्षं ज्या गल्लीत गेली, जिथे मुलं जन्मली, तिथल्या राखीव जागेवर तिला अर्ज भरता येत नाही. आणि जिचे कागद मिळण्यासारखे आहेत, तिला तान्हं मूल घेऊन माहेरच्या तहसीलच्या फेऱ्या मारायच्या असतात.

प्रचाराचे ते दहा दिवस सोलापुरात कसे होते? ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीलाच भरते. नंदीध्वजांच्या मिरवणुका, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम असे ते दिवस. सगळं शहर रस्त्यावर असतं, पै-पाहुणे घरी असतात, पोरांना गड्ड्यावर पाळण्यात बसायचं असतं. ऐन त्याच दिवसांत मतदान आलं. वर्षाच्या आतलं बाळ घरात असेल तर त्याची ही पहिली संक्रांत. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरन्हाण. ते चुकवणं आईच्या जिवावर येतं. प्रचार १३ ला थांबला होता, पण मतदानाच्या आदल्या दिवशी उमेदवाराला घरी कोण बसू देतं? बूथवर कोण बसणार, चिठ्ठ्या कुठल्या गल्लीत पोचल्या नाहीत, म्हाताऱ्या मतदारांना केंद्रावर आणायला रिक्षा आहेत की नाहीत, हे सगळं त्याच दिवशी असतं. संक्रांतीचं हळदीकुंकू हा एरवी महिला कार्यकर्तीचा हक्काचा कार्यक्रम. आचारसंहितेत मतदारांना वाण वाटायची सोय नाही, त्यामुळे तोही हातचा गेला.

प्रभाग केवढा असतो, हेही पाहू. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या होती ९ लाख ५१ हजारांवर. प्रभाग २६. चोवीस प्रभागांत चार-चार नगरसेवक आणि दोन प्रभागांत तीन-तीन. त्या जनगणनेच्या आकड्यांनीसुद्धा एका प्रभागात सरासरी ३६ हजार माणसं येतात, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. जागा चार असल्या तरी मतदार तेच असतात. चारही उमेदवारांना अख्खा प्रभाग पायाखाली घालावा लागतो. एका वॉर्डाचा एकच नगरसेवक असता तर बाळाला पाजायला मध्ये घरी जाऊन येता आलं असतं. इथे घर मागे दोन-तीन किलोमीटरवर राहतं. चौघांच्या पॅनलची पदयात्रा निघालेली असताना एकटीला मध्येच निघून जाणं कठीण. ती गेली की लोक लगेच विचारतात, बाई कुठे आहेत?

पदयात्रेची वेळ कुठली? पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, दत्तनगर, अशोक चौक ते पार विडी घरकुलपर्यंत, विडी वळणाऱ्या बायकांची वस्ती दाट आहे. सोलापुरात साठ-सत्तर हजार बायका या धंद्यावर आहेत असं कामगार संघटना सांगतात. वळलेल्या विड्या सकाळी कारखान्यात द्यायच्या, पान-तंबाखू घ्यायची, घरी येऊन पुन्हा सूप घेऊन बसायचं. यंत्रमागावरची माणसं पाळीत. त्यामुळे दारोदार भेटायला खरी वेळ मिळते ती संध्याकाळी पाच ते रात्री नऊ. नेमकी तीच वेळ लेकराच्या भुकेची, शाळेच्या अभ्यासाची आणि झोपेची. दहा दिवस ती वेळ आईने बाहेर काढायची, तर घरात दुसरी बाई पाहिजे.

ती दुसरी बाई बहुतेक वेळा सासू असते, नाही तर माहेरहून आलेली आई. सोलापूरच्या राजकारणातल्या महिलांबद्दल बोलताना या आज्यांचा उल्लेख कुठे होत नाही. विजयाच्या मिरवणुकीत नवरा गुलालात माखलेला दिसतो, कार्यकर्ते दिसतात. दहा दिवस नातवाला खिमट भरवून झोपवणारी आजी दिसत नाही. जिथे ती आजी नाही, भाड्याच्या दोन खोल्यांत नवरा-बायको आणि पोरं एवढंच कुटुंब आहे, तिथल्या बाईला उमेदवारी मिळूनही उपयोग होत नाही. पक्षांनाही हे कळतं. ते तिकीट देताना घर मोठं आहे का हे बघतात, आणि त्याला ‘माणसं आहेत का पाठीशी’ असं म्हणतात. राजकीय घराण्यांतल्या सुना-लेकींनाच तिकिटं का मिळतात याची अनेक कारणं सांगितली जातात. पैसा आणि नाव ही खरीच. पण मूल सांभाळणारे हात घरातच असणं, हेही त्यातलं एक आहे आणि ते छोटं नाही.

पैशाचं गणित सरळ आहे. या निवडणुकीत सोलापूरसारख्या ‘ड’ वर्ग महापालिकेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती ९ लाख रुपये. २०१७ साली सरकारने नगरसेवकांचं मानधन वाढवलं, तेव्हा मुंबईला महिना २५ हजार आणि सोलापूरच्या गटातल्या महापालिकांना १० हजार ठरले. पाच वर्षांचे त्या हिशेबाने ६ लाख होतात. एखादीने मर्यादेइतका खर्च केला असेल तर तो मानधनातून भरून येत नाही. महिनाभर दिवसभराची बाई मुलाजवळ ठेवायची तर त्याच १० हजारांतला मोठा भाग तिथेच जातो. नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. नगरसेविका नोकरदार नाही, त्यामुळे ती रजा तिला लागू होत नाही. तिच्यासाठी कायद्यात आहे ती दुसरीच गोष्ट : आजारपण किंवा महापालिकेला मान्य होईल असं कारण नसताना सलग तीन महिने सभांना गैरहजर राहिलं तर पद जातं. बाळंतपण हे ‘मान्य होईल असं कारण’ ठरेलच. पण ते सभागृहापुढे मांडून मान्य करून घ्यावं लागतं. हक्क म्हणून ते मिळत नाही.

मग दोन अपत्यांचा नियम. सप्टेंबर २००० मध्ये तो अमलात आला, एक वर्षाची सवलत देऊन. सुरुवातीला सांगितलेली तारीख त्यातूनच आली. पहिल्या मुलानंतरच्या बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरतात. दत्तक घेतलेलं मूल मोजत नाहीत. पण आपलं मूल दुसऱ्याला दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्याआधी २००३ साली हरियाणाच्या जावेद खटल्यात हा नियम घटनेत बसतो असा निकाल झालेला होता.

सोलापूरने या नियमाचा सगळ्यात बोचरा प्रसंग पाहिला आहे. २०१७ साली निवडून आलेल्या एका शिवसेना नगरसेविकेविरुद्ध पराभूत उमेदवार कोर्टात गेली. तिला तीन अपत्यं आहेत, असा दावा होता. सोलापूरच्या न्यायालयाने निवड रद्द केली, उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि २०२१ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिसरं मूल आपलं नाहीच, असा तिचा बचाव होता. केवळ निवडणुकीसाठी आपलं मूल नाकारू नका, अशा आशयाचं न्यायालयाने तिला सुनावलं आणि अर्ज फेटाळला. बाईचं नाव वर्तमानपत्रांत आलेलं आहे. इथे ते मुद्दाम घेतलेलं नाही, कारण या प्रकरणाच्या मधोमध एक मूल आहे आणि ते आता मोठं होत आहे. कायदा मोडला असेल तर पद जाणं बरोबर. तरीही आईला आपलं मूल नाकारावंसं वाटेल अशा टोकाला जो नियम नेतो, तो नियम नीट तपासून बघायला हवा.

माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांतल्या पंचायतींमध्ये या नियमाचा अभ्यास केला होता. नवऱ्याने बायकोला सोडून देणं, गर्भपात, मूल दुसऱ्याच्या नावावर दाखवणं असे परिणाम त्यांना दिसले, आणि त्यांची झळ बायका, गरीब आणि दलित-आदिवासींना जास्त बसत होती. किती मुलं व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार ज्या सुनेला घरात नसतो, तिला त्या संख्येची शिक्षा मात्र पुरी मिळते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश यांनी हा नियम दोन दशकांपूर्वीच मागे घेतला. आंध्र प्रदेशाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये घेतला. तिकडची तीन मुलांची आई आता नगरपालिकेला उभी राहू शकते, इकडची राहू शकत नाही.

भीती हाही एक भाग आहे आणि या निवडणुकीत ती उघड्यावर आली. २ जानेवारीला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, निवडणुकीच्या वादातून सोलापुरात एका तरुण राजकीय कार्यकर्त्याचा खून झाला. मागे त्याचं लहान मुलांचं घर राहिलं. प्रकरण कोर्टाचं आहे, त्यावर निकाल कोर्टच देईल. पण त्या रात्री शहरात किती घरांत नवऱ्याने बायकोला किंवा सासूने सुनेला ‘कशाला पाहिजे हे’ म्हटलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. मुलं लहान असताना माणूस स्वतःच्या जिवाला जपायला लागतो. त्याला भित्रेपणा म्हणू नये.

तरीही बायका लढतात, आणि त्या का लढतात याचं उत्तर सोलापुरात शोधायला लांब जावं लागत नाही. पाणी. उजनी धरण जिल्ह्यातलंच. तिथून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी शहरापर्यंत आणलेली आहे, आणि तरी वर्षानुवर्षं नळाला पाणी तीन-चार दिवसांनी, उन्हाळ्यात पाचव्या दिवशीही आलेलं आहे. ते कधी सुटेल हे चावीवाल्याला ठाऊक. पहाटे तीनला सुटलं तर पहाटे तीनला उठायचं, आणि तान्ह्या बाळाची आईही त्यातून सुटत नाही. दुपटी धुवायला, बाळाला अंघोळ घालायला, दूध पाजायच्या वाट्या उकळायला पाणी सगळ्यात जास्त लागतं ते तिच्याच घरात. तुंबलेलं ड्रेनेज, न आलेली घंटागाडी, अंगणवाडीची गळकी खोली, महापालिकेच्या दवाखान्यातल्या लसीकरणाचा वार हे विषय तिच्या दिवसाचेच विषय असतात. अशी बाई सभागृहात असली की पाण्याच्या वेळापत्रकावरची चर्चा वेगळी होते, कारण तिला आकडे विचारावे लागत नाहीत.

महाराष्ट्राला याचं मोठं उदाहरण ठाऊक आहे, पण त्यातली आई आपण विसरतो. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून पूर्णवेळ समाजवादी चळवळीत उडी घेतली. गोरेगावला बायकांचं संघटन, कुटुंब नियोजनाचं काम सुरू केलं. १९५८ साली पती केशव उर्फ बंडू गोरे गेले, तेव्हा मुलगी लहान होती. पुढे तीन वर्षांनी, १९६१ साली, मृणालताई मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. पाण्यासाठी त्यांनी उपनगरातल्या बायकांना हंडे घेऊन रस्त्यावर आणलं आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिलं. त्या १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार झाल्या. विधवा, लहान मुलीची आई, पाठीशी संपत्ती नाही, तरी त्या उभ्या राहू शकल्या, कारण चळवळीतली माणसं आणि शेजारपाजार त्यांच्या घराभोवती होता. पक्ष म्हणजे नुसतं तिकीट वाटणारं कार्यालय नव्हे, तर कार्यकर्तीच्या मुलीला शाळेतून आणणारा शेजारही, अशी ती समजूत होती. आज कुठल्या पक्षात ती उरली आहे?

अलीकडची दोन उदाहरणं. १९ डिसेंबर २०२२ ला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या मुलाला घेऊन विधानभवनात आल्या. सगळीकडे फोटो झळकले, कौतुक झालं आणि लगोलग विधानभवनात हिरकणी कक्ष उघडला. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईला त्या पुन्हा बाळासह आल्या तेव्हा तिथल्या कक्षाची दुरवस्था पाहून त्यांना रडू आवरलं नाही, आणि तेही सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. राज्याच्या सर्वोच्च सभागृहाची ही गत, तर जिल्ह्याच्या गावच्या महापालिकेत काय असेल? दुसरं उदाहरण तिरुवनंतपुरमचं. तिथे २०२० च्या डिसेंबरात आर्या राजेंद्रन एकविसाव्या वर्षी महापौर झाल्या. २०२३ साली त्यांना मुलगी झाली आणि महिनाभराच्या बाळाला कुशीत घेऊन फाइलींवर सह्या करतानाचा त्यांचा फोटो देशभर फिरला. कुणी शाबासकी दिली. कुणी म्हटलं, रजा का घेतली नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर सोपं आहे. महापौराच्या बाळंतपणाच्या रजेचा नियमच आपल्याकडे धड कुठे नाही.

तो नियम करता येतो. ब्रिटनमध्ये वेल्सने २०१३ सालीच स्थानिक कौन्सिलरांना बाळंतपणासाठी २६ आठवड्यांपर्यंत गैरहजर राहण्याचा हक्क दिला. पद जात नाही आणि कुणाची मर्जीही लागत नाही. अमेरिकेत २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिउबा ग्रेचेन शर्ली या दोन लहान मुलांच्या आईने प्रचारनिधीतून मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार देण्याची परवानगी तिथल्या निवडणूक आयोगाकडे मागितली, आणि आयोगाने ती दिली. कारण साधं होतं : ती उमेदवार नसती तर हा खर्च झालाच नसता. आपल्याकडे मंडप, रिक्षा, चहा, फलक यांचे दर खर्चाच्या हिशेबासाठी निवडणूक यंत्रणा ठरवून देते. त्यात एक ओळ पाळणाघराची आली तर हिशेब काही बिघडणार नाही.

मुलाला प्रचारात सोबत न्यायचं का, हाही प्रश्न येतो. भारत निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लहान मुलांना प्रचारात वापरू नका असं पक्षांना बजावलं. आई-वडिलांसोबत असलेलं मूल नेत्याजवळ नुसतं हजर असणं मात्र त्यात गुन्हा धरलेलं नाही. हा आयोग लोकसभा-विधानसभेचा; महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तरी तो भेद शहाणपणाचा आहे. मुलाच्या हातात झेंडा देणं वेगळं आणि पाजायचं मूल आईजवळ असणं वेगळं. पदयात्रेत बाळाला कडेवर घेतलेल्या उमेदवाराला ‘सहानुभूतीसाठी आणलं’ म्हणणाऱ्यांनी तो फरक लक्षात घ्यावा.

नवऱ्याच्या कारभाराचा विषयही इथेच येतो. नगरसेविकेच्या वतीने झोन ऑफिसात फोन करणारा, ठेकेदाराशी बोलणारा, वाढदिवसाच्या फलकावर तिच्यापेक्षा मोठा दिसणारा नवरा सोलापूरकरांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. त्याच्यावर टीका व्हायलाच हवी. पण पुष्कळदा सुरुवात अगदी घरगुती असते. मूल लहान आहे, सभा दुपारची आहे, ‘तू राहू दे, मी जाऊन येतो’. एकदा, दोनदा, मग नेहमीच. मूल मोठं होईपर्यंत कारभार नवऱ्याच्या हातात स्थिरावलेला असतो. त्याच नवऱ्याने उलटं केलं, बायको झोन ऑफिसात आणि तो घरी पोरांना घेऊन, तर पहिल्याच वर्षात बाई कामाला तयार होते. असं करणारे नवरे आहेत. ते फलकावर दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या कमी वाटते.

कायदा म्हणतो, महापालिकेची सर्वसाधारण सभा दर महिन्याला किमान एक, २० तारखेच्या आत व्हावी. सभेची वेळ ठरवणं स्थानिक हातात आहे. सोलापुरात सभा उशिरा सुरू होणं, गणसंख्येअभावी किंवा गोंधळात तहकूब होणं नवं नाही. पुरुष सदस्य अशा वेळी आवारात चहा घेत थांबतात. जिने शेजारणीकडे दोन तासांसाठी मूल ठेवलेलं असतं तिचा मात्र सगळा दिवस मोडतो, आणि पुढच्या वेळी शेजारीण नाही म्हणते. सभा शाळेच्या वेळेत ठेवणं आणि घड्याळ बघून सुरू करणं याला एक पैसा लागत नाही.

बाकीच्या गोष्टीही फार मोठ्या नाहीत. सभागृहाजवळ एक स्वच्छ खोली, कडी असलेली, पंखा असलेली, पाण्याचा नळ असलेली, आणि सभेच्या दिवशी तिथे मदतनीस. ती खोली महापालिकेच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बायकांनाही वापरता येईल. महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून ती होऊ शकते. बाळंतपणाची गैरहजेरी आपोआप मान्य धरण्याचा ठराव सभागृह पहिल्याच वर्षात करू शकतं. दोन अपत्यांच्या नियमाचा फेरविचार विधिमंडळाचं काम, पण त्यासाठी शिफारस करायला महापालिकेला कुणी अडवलेलं नाही. सोलापूरच्या नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० ला, इंग्रजांचं राज्य असताना, आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला होता. या गावच्या सभागृहाला वरून आदेश येईपर्यंत थांबायची सवय पूर्वी नव्हती. १५ जानेवारीच्या मतदानातून आलेल्या सभागृहाला पाच वर्षं आहेत. त्यातल्या नगरसेविकांपैकी कुणाचं मूल अजून रांगत असेल, कुणाला या मुदतीत बाळ होईल. खोलीचा आणि रजेचा ठराव त्यांच्यातल्याच कुणी तरी मांडायला हवा, आणि त्याला अनुमोदन एखाद्या पुरुष सदस्याने द्यायला हवं.